नाकावरचं वजन

साखर पेठेतून कुंभारीला गिरणी न्यायची होती.
टेम्पोवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून
मी भाच्याची जुनी क्वालिस मागून आणली,
आणि राजअहमद नदाफचा दोन चाकी ट्रेलर,
त्यानंच जोडलेला, त्यानंच निळा रंगवलेला.

दगड आम्ही मागं ठेवले.
वाटलं, गाडीला तेवढाच कमी भार.
राजअहमद चहा संपेपर्यंत काही बोलला नाही,
मग वाकून ट्रेलरची दांडी उचलली.
एका बोटानं.
"थांब की ओ अक्का. नाक वर करून
कुणी कुणाच्या मागं सरळ चालतंय का?"

दगड पुन्हा उतरवले.
आता दोन्ही चाकांच्या जरा पुढं, मोटार मधोमध,
चाळण्या, पट्टे, डबे मागं.
दांडीखाली माझाच वजनकाटा,
ज्यावर वीस वर्षं मी लोकांची ज्वारी मोजली.
काटा म्हणाला बावीस. दगड वीतभर पुढं.
एकतीस. अजून थोडा.
एकोणचाळीस किलो सातशे.
"माल चारशेचा, दहावा हिस्सा नाकावर. बास.
ह्याच्या वर गेलीस तर गाडी बूड टेकंल,
पुढच्या चाकांना रस्ता कळायचा नाही."

मापात मी कधी मारलं नव्हतं.
काट्यानं ते लक्षात ठेवलेलं दिसलं.

गोळ्यावर टोपी बसली, खटका वाजला.
मी म्हटलं, झालं.
"वाजला म्हणजे बसला असं नसतंय,"
म्हणत त्यानं जॅक लावून दांडी वर उचलली;
दांडीबरोबर गाडीचं बूडही उठलं,
तेव्हा कुठं त्यानं मान हलवली.
मग पिन. मग दोन साखळ्या,
दांडीखालून एकमेकींवर तिरप्या,
फुगडीला उभ्या पोरींच्या हातांसारख्या.
गोळा निसटला तर दांडी त्यांच्या झोळीत पडावी, डांबरात रुतू नये.
वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल,
जमिनीला घासणार नाहीत इतक्या आखूड.

त्या सैलपणाकडं मी बघत राहिले.
आमच्या घरात इतकं मोजून
कुणी कुणाला सैल सोडलं नव्हतं.

विष्णुकांत मागं उभा राहून ओरडत होता:
डावा लागला! उजवा लागला!
आई, ब्रेक दाब! अगं, ब्रेक!
मी दाबलेलाच होता.
एका वायरीपायी अर्धा तास गेला, ऊन डोक्यावर आलं.

अक्कलकोट रोडला चाळीसच्या वर गेले नाही.
पुढच्या रिक्षापासून रोजच्या दुप्पट अंतर,
आणि त्यात प्रत्येक मोटारसायकल हक्कानं घुसायची.
एमआयडीसी संपता संपता उतरून पिन बघितली,
साखळ्या बघितल्या, चाकाच्या बुडावर हात ठेवला:
गरम, पण चटका नाही.
मग मागून उसाचा ट्रक आला, वाऱ्यासकट पुढं गेला,
आणि आरशात माझी गिरणी
डावीकडं गेली, उजवीकडं गेली,
परत डावीकडं.
पाय आपोआप ब्रेककडं निघाला होता.
"हलला तर ब्रेक मारू नको. पाय काढ, चाक सरळ धर,
देवाचं नाव घे नाहीतर घेऊ नको."
पाय काढला. चाक धरलं.
तीन हेलकावे. दोन. एक.
नाव कुणाचं घेतलं ते सांगणार नाही.

कुंभारीची गल्ली अरुंद. मागं घ्यायचं म्हणजे
स्टिअरिंगचा खालचा कडा धरायचा;
हात जिकडं, ट्रेलर तिकडं.
चार वेळा पुढं, पाच वेळा मागं,
एक तुळस थोडक्यात वाचली.
सोडवायच्या आधी चाकांना विटा लावल्या,
दोन्हीकडून.

शेजारीण डब्यात ज्वारी घेऊन उभीच होती.
"चालू कधी करणार?"

काटा खाली उतरवला, पुसला.
म्हटलं, मोजून तर ठेवा.